जिवंत भूमिकाखेळातील प्रेमरसायन

जिवंत भूमिकाखेळातील प्रेमरसायन म्हणजे जिवंत भूमिकाखेळात वापरले जाणारे, पिणाऱ्या किंवा हुंगणाऱ्या पात्राच्या मनात दुसऱ्या एखाद्या पात्राविषयी प्रेम उत्पन्न करणारे काल्पनिक पेय, अत्तर, विडा किंवा मंत्र होय. जिवंत भूमिकाखेळात (प्रचलित संक्षिप्त नाव : लार्प) सहभागी व्यक्ती आपापल्या पात्राची भूमिका प्रत्यक्ष चालून, बोलून व वेशभूषा करून वठवतात. त्यामुळे कथेत किंवा नाटकात निरुपद्रवी वाटणारे प्रेमरसायन या खेळात एक खरा प्रश्न उभा करते. मोहित होते ते पात्र. परंतु त्या पात्राचे हात, आवाज आणि शरीर मात्र खेळाडूचे असते. पात्राची इच्छा हिरावून घेण्याचा नियम खेळाडूची इच्छाही हिरावून घेणार नाही, यासाठी खेळाची रचना कशी असावी, हा या विषयाचा गाभा आहे.

नाव व व्याख्या

मराठीत या कल्पनेसाठी ‘वशीकरण’ हा जुना शब्द आहे. वश करणे म्हणजे दुसऱ्याला आपल्या अधीन करणे. ‘प्रेमरसायन’ या शब्दात प्रेमावर भर आहे, तर ‘वशीकरण’ या शब्दात सत्तेवर. खेळाच्या रचनेचा विचार करताना दुसरा शब्द अधिक नेमका ठरतो, कारण रसायनाने निर्माण होणारी गोष्ट प्रेमासारखी दिसत असली तरी तिच्यात निवडीचे स्वातंत्र्य नसते.

या लेखात ‘खेळाडू’ म्हणजे प्रत्यक्ष व्यक्ती, ‘पात्र’ म्हणजे तिने घेतलेली भूमिका आणि ‘सूत्रधार’ म्हणजे खेळाची आखणी व देखरेख करणारी व्यक्ती, असा भेद पाळला आहे. हा भेद स्पष्ट नसेल तर या विषयातील बहुतेक वाद सुटत नाहीत.

वाङ्मयीन पार्श्वभूमी

प्रेम जागे करणाऱ्या मंत्रांचा व औषधींचा उल्लेख भारतीय वाङ्मयात फार प्राचीन आहे. अथर्ववेदाच्या तिसऱ्या व सहाव्या कांडांत प्रिय व्यक्तीचे मन आपल्याकडे ओढण्यासाठी योजलेली सूक्ते आहेत. वात्स्यायनाच्या कामसूत्राचे सातवे व अखेरचे अधिकरण ‘औपनिषदिक’ या नावाचे असून त्यात वशीकरणाच्या औषधींची चर्चा येते.

या परंपरेवरील महत्त्वाचा आक्षेपही भारतीय वाङ्मयातच आढळतो. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी-सत्यभामा संवाद आहे. पाचही पांडव तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, ते कोणत्या व्रताने, मंत्राने की औषधीने, असे सत्यभामा द्रौपदीला विचारते. द्रौपदीला हा प्रश्नच आवडत नाही. आपली पत्नी मंत्र-मुळ्यांचा आश्रय घेते असे कळले की पती तिला घरात शिरलेल्या सापाप्रमाणे भिऊ लागतो, असे ती सांगते. अशा औषधींनी पुरुषांना जलोदर, कुष्ठ, अंधत्व, बहिरेपणा यांसारखे विकार जडल्याचेही ती बजावते. तिच्या उत्तरात दोन स्वतंत्र मुद्दे आहेत : शरीराला होणारी इजा आणि विश्वासाचा नाश. भूमिकाखेळातील रसायनाने शरीराला इजा होत नाही. दुसरा धोका मात्र कायम राहतो.

पाश्चात्त्य वाङ्मयात ट्रिस्टन व इझोल्डे यांच्या मध्ययुगीन कथेत दोघेही चुकून प्रेमरस पितात आणि अखेर मृत्यू पावतात. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या सुखात्मिकेत झोपलेल्या पात्रांच्या पापण्यांवर एका फुलाचा रस पिळला जातो. जागे होताच जो प्रथम दिसेल त्याच्यावर त्यांचे प्रेम बसते. परीराणी टिटानिया गाढवाचे डोके लाभलेल्या विणकऱ्यावर भाळते व प्रेक्षक हसतात. नाटकाच्या शेवटी इतरांवरील मोह उतरवला जातो. डिमिट्रियसवरील मोह मात्र तसाच राहतो आणि त्याच अवस्थेत त्याचा विवाह होतो. २००६ साली दिग्दर्शक टिम सपल यांनी भारतीय व श्रीलंकेच्या कलावंतांना घेऊन या नाटकाचा बहुभाषिक प्रयोग सादर केला. त्यात मराठी संवादही होते. दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराच्या १८३२ मधील ‘लेलिझिर दामोरे’ या संगीतिकेत भोंदू वैद्य प्रेमरसायन म्हणून साधी द्राक्षमदिरा विकतो. तेथे नायकाला यश मिळते ते औषधामुळे नव्हे.

या सर्व कृतींत एक गोष्ट समान आहे. रसायन पिणारी व्यक्ती लेखकाने निर्माण केलेली असते. तिला स्वतःचे काही मत असण्याचा प्रश्नच नसतो. रंगभूमीवर नट असतो, परंतु त्याला संहिता आधी मिळालेली असते, तालमी झालेल्या असतात आणि कोणत्या क्षणी कोण जवळ येणार हे ठाऊक असते. भूमिकाखेळात यांपैकी काहीच नसते.

भूमिकाखेळाचा संक्षिप्त इतिहास

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची पहिली आवृत्ती अमेरिकेत १९७४ साली निघाली. त्याच्या १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेतील जादुई पेयांच्या यादीत प्रेमरसायनाचाही समावेश होता. तेथे खेळाडू ‘माझे पात्र मोहित झाले’ एवढे तोंडाने सांगतो आणि प्रसंग पुढे सरकतो.

प्रत्यक्ष वावरून खेळण्याचे प्रकार याच काळात रूढ झाले. अमेरिकेत १९७७ साली ‘डॅगोर्हिर’ हा मऊ शस्त्रांच्या लढाईचा खेळ सुरू झाला. इंग्लंडमध्ये १९८२ साली चेशर परगण्यातील पेकफर्टन किल्ल्यावर ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाला. टेबलावरील खेळांतील जादू, विष, निद्रा, मोह यांचे नियम बऱ्याच अंशी तसेच या नव्या खेळांत आले. जे वाक्य पूर्वी केवळ उच्चारले जात असे, ते आता अंगाने करून दाखवायचे होते. प्रेमरसायनाचा प्रश्न या स्थित्यंतरातून निर्माण झाला.

उत्तर युरोपात ‘क्नुटेपुंक्ट’ हा भूमिकाखेळाच्या अभ्यासकांचा व संयोजकांचा मेळावा १९९७ साली ऑस्लो येथे प्रथम भरला आणि पुढे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड येथे आळीपाळीने भरू लागला. प्रेम, दुःख, अपमान अशा भावना केंद्रस्थानी ठेवून खेळ कसे रचावेत, याची चर्चा या मेळाव्यांतून वाढली. २०१४ साली पोलंडमधील चोखा किल्ल्यावर ‘कॉलेज ऑफ विझर्ड्री’ आणि २०१६ साली अमेरिकेत ‘न्यू वर्ल्ड मॅगिस्कोला’ हे जादूच्या विद्यापीठावर आधारित खेळ झाले. जादूची शाळा म्हटली की रसायनांचा वर्ग आणि प्रेमरसायन ओघानेच येते. त्यामुळे हा प्रश्न तरुण वाचक-खेळाडूंच्या मोठ्या वर्तुळापर्यंत पोहोचला.

प्रेमरसायनाचे वेगळेपण

तलवारीचा घाव, विष, निद्रा, शाप हेही परिणाम खेळाडूने स्वतः न निवडता त्याच्या पात्रावर येतात. मग प्रेमरसायनालाच वेगळे का मानावे, असा प्रश्न विचारला जातो. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

पहिले कारण अभिनयाच्या स्वरूपात आहे. मेलेले पात्र वठवण्यासाठी खेळाडूला निपचित पडून राहावे लागते. मोहित पात्र वठवण्यासाठी त्याला दुसऱ्या एका खऱ्या माणसाकडे पाहून गोड बोलावे लागते, त्याच्या मागे जावे लागते, कदाचित हात धरावा लागतो. मृत्यूचा अभिनय खोटा आहे हे सर्वांना उघड दिसते; जवळिकीचा अभिनय आणि खरी जवळीक यांत बाहेरून फारसा फरक दिसत नाही.

दुसरे कारण व्यक्तींच्या संख्येत आहे. घाव घालणारा व घाव सोसणारा एवढे दोघेच लढाईत असतात. प्रेमरसायनात किमान तिघे असू शकतात : रसायन देणारा, ते पिणारा आणि ज्याच्यावर प्रेम बसते तो. तिसऱ्या खेळाडूचा विचार बहुधा राहून जातो. त्याने काहीच मागितलेले नसते. तरीही एक व्यक्ती दिवसभर त्याच्या मागे फिरत राहते.

तिसरे कारण पूर्वानुभवाचे आहे. सहभागींपैकी कोणाच्याही घरावर खराखुरा तलवारीचा हल्ला झालेला नसतो. परंतु नको असलेली सलगी, पाठलाग किंवा गुंगीचे पेय देऊन झालेली फसवणूक यांचा अनुभव घेतलेली व्यक्ती कोणत्याही मोठ्या समूहात असू शकते आणि तिने तो कोणाला सांगितलेला असेलच असे नाही. नियम रचताना ती व्यक्ती उपस्थित आहे असे गृहीत धरणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

चौथे कारण सबबीचे आहे. ‘मी नाही, माझ्या पात्राने केले’ ही सबब भूमिकाखेळाला मोकळेपणा देते. लाजाळू माणूस तिच्या आधारे राजा होऊ शकतो. पण तीच सबब गैरवर्तनाची ढालही होऊ शकते. प्रेमरसायन ही सबब दुप्पट करते : ‘माझ्या पात्राने केले, आणि तेही रसायनामुळे.’

भावनांची झिरप

डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाला व्यवहारापासून वेगळे काढलेल्या रिंगणाची उपमा दिली. रिंगणाच्या आत वेगळे नियम चालतात. तथापि हे रिंगण पूर्णपणे बंदिस्त नसते. पात्राची भावना खेळाडूत आणि खेळाडूची पात्रात उतरते. या घटनेसाठी अमेरिकन खेळरचनाकार एमिली केअर बॉस यांनी २००७ साली ‘ब्लीड’ ही संज्ञा वापरात आणली. मराठीत तिला ‘झिरप’ म्हणता येईल. मातीच्या माठातून पाणी पाझरते तशी भावना भूमिकेच्या भिंतीतून पाझरते.

झिरप स्वभावतः वाईट नसते. करुण नाटक पाहून डोळ्यांत पाणी येते तीही एक प्रकारची झिरपच होय. प्रेमरसायनाच्या बाबतीत मात्र ती दोन प्रकारे त्रासदायक ठरू शकते. खेळ संपल्यावर एकाला वाटत राहते की समोरच्याच्या मनात खरोखर काही होते, आणि दुसऱ्याला तसे काही नव्हते हे सांगण्याचा संकोच वाटतो. अथवा पूर्वीपासून मनात असलेले आकर्षण किंवा राग खेळाच्या आडून बाहेर येतो. शाळा-महाविद्यालयांतील खेळाडू खेळानंतरही त्याच वर्गात एकमेकांसमोर बसणार असतात. म्हणून त्यांच्या बाबतीत याची काळजी अधिक घ्यावी लागते.

रचनेचे पर्याय

प्रेमरसायन हाताळण्याचे पर्याय पाच प्रकारांत मांडता येतात.

१. वगळणे. खेळात प्रेमरसायन नाही, असे आधीच जाहीर केले जाते. अल्पवयीन खेळाडू, एकमेकांना अनोळखी असलेला समूह किंवा थोड्या वेळाचा खेळ असेल तर हा पर्याय सर्वांत सोपा आहे. वगळल्याने कथेचे फारसे नुकसान होत नाही, कारण कारस्थानासाठी लाच, खोटे पत्र, जुने ऋण अशी अनेक साधने उपलब्ध असतात.

२. पूर्वसंमती. ज्या खेळाडूंनी नोंदणीच्या वेळी होकार दिला आहे त्यांच्याच पात्रांवर रसायन चालते. होकार देणाऱ्यांकडे ठरलेली खूण असते. मात्र ती सर्वांना दिसणारी असेल तर नकार देणाऱ्यावर अप्रत्यक्ष दबाव येतो. म्हणून यादी सूत्रधाराकडेच ठेवणे श्रेयस्कर असते. रसायन वापरू इच्छिणारा खेळाडू सूत्रधाराला विचारतो आणि नकार असल्यास ‘हे रसायन नासले आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळते. नकार कोणी दिला, का दिला, हे उघड होत नाही.

३. परिणामाची निवड. रसायनाची चिठ्ठी हुकूम देत नाही, तर भावना सुचवते. ‘तू अमक्याच्या प्रेमात पडला आहेस, तो सांगेल ते कर’ असे न लिहिता ‘अमक्याचे बोलणे तुला आज विशेष पटू लागले आहे, ते कसे दाखवायचे हे तू ठरव’ असे लिहिले जाते. खेळाडू कविता करू शकतो, दुरूनच उसासे टाकू शकतो किंवा भावना लपवण्याची धडपड करू शकतो.

४. रूपांतर. प्रणयाऐवजी दुसरी तीव्र भावना घेतली जाते : निष्ठा, वात्सल्य, गुरुभक्ती, हरवलेला भाऊ सापडल्याचा आनंद. कथानकाला हवा असलेला परिणाम, म्हणजे एका पात्राने दुसऱ्यावर अकारण विश्वास टाकणे, तेवढाच साधतो.

५. मुदत व उतारा. परिणामाला घटका-दोन घटकांची मर्यादा असते आणि उतारा सहज मिळतो. महत्त्वाची अट अशी की उतारा मागण्याचा अधिकार पात्राला नसला तरी खेळाडूला कायम असतो.

या पाचही पर्यायांत रसायन देणाऱ्याचा हक्क कमी होतो आणि घेणाऱ्याचा वाढतो. रसायनाने काही शारीरिक कृती घडवून आणण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही, हे तत्त्व सर्व पर्यायांत समान राहते.

संमतीची साधने

प्रेमप्रसंग प्रत्यक्ष स्पर्शाशिवाय दाखवण्याच्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत. स्वीडनमध्ये २००३ साली झालेल्या ‘मेलान हिम्मेल ओक हाव’ या खेळासाठी एलियट वीस्लँडर यांनी ‘आर्स आमांदी’ हे तंत्र घडवले. त्यात जवळिकीचे सर्व प्रसंग हात, बाहू व मान यांच्या मर्यादित, ठरीव स्पर्शातून प्रतीकरूपाने सूचित केले जातात. नृत्यातील मुद्रांप्रमाणे ही एक सांकेतिक भाषा आहे.

रॉन एडवर्ड्स या खेळरचनाकारांनी २००३ साली ‘रेषा व पडदे’ ही कल्पना मांडली. रेषा म्हणजे जी गोष्ट या खेळात येणारच नाही ती. मराठी वाचकाला येथे लक्ष्मणरेषेची आठवण होईल. पडदा म्हणजे जी गोष्ट कथेत घडते, परंतु दाखवली जात नाही. जॉन स्टाव्ह्रोपौलोस यांचे ‘एक्स कार्ड’ हे साधन २०१० च्या दशकात पसरले. खेळाडू फुली असलेल्या पत्त्याला स्पर्श करतो आणि कारण न सांगता चालू प्रसंग बाजूला ठेवला जातो.

मैदानी खेळात पत्ता जवळ नसतो. तेथे शब्द व खुणा वापरतात. ‘कट’ म्हणताच प्रसंग थांबतो. ‘ब्रेक’ म्हणताच तो सौम्य होतो. खेळ न थांबवता विचारपूस करण्यासाठी बोटांची खूण केली जाते आणि समोरच्याने अंगठा वर, आडवा किंवा खाली दाखवून उत्तर द्यायचे असते. आडवा अंगठाही ‘नाही’ असाच धरला जातो, कारण संकोची माणूस क्वचितच अंगठा खाली करतो. डोळ्यांवर हात आडवा धरून प्रसंगातून निघून जाण्याची खूणही प्रचलित आहे. तिचा अर्थ ‘मी येथे नव्हतोच, कोणी विचारू नये’ असा होतो.

मराठी खेळपरंपरेतील समांतर कल्पना

वरील साधने परकी वाटली तरी त्यांमागील कल्पना महाराष्ट्रातील मुलांच्या खेळांत फार पूर्वीपासून आहेत. पकडापकडी खेळणारे मूल धाप लागली, चप्पल तुटली किंवा घरून हाक आली की ‘टाइम प्लीज’ म्हणते आणि ठरलेली खूण करते. त्या क्षणी त्याला कोणी बाद करू शकत नाही. कारण विचारले जात नाही. विचारले तरी ते पटलेच पाहिजे अशी अट नसते. ‘कट’ या शब्दाचे कार्य नेमके हेच आहे.

दुसरी कल्पना ‘कच्चा लिंबू’ ही होय. लहान किंवा अशक्त मुलाला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो खेळाबाहेर नसतो. खेळाचे काही नियम त्याला लागू नसतात इतकेच. प्रेमरसायन न चालणारा खेळाडू हा या अर्थाने त्या एका नियमापुरता कच्चा लिंबू असतो. मुलांच्या खेळात या नावाला किंचित कमीपणाची छटा असते. प्रौढांच्या खेळात ती राहू नये म्हणूनच नकाराची यादी गुप्त ठेवणे योग्य ठरते.

तिसरे उदाहरण भातुकलीचे. भातुकलीत लग्न लागते ते बाहुला-बाहुलीचे. मुले वरपक्ष व वधूपक्ष होतात, मानपानावरून भांडतात, जेवणावळी घालतात. पण लग्नाचा भार बाहुल्यांवर असतो. भावना आणि खेळाडू यांच्यामध्ये एक वस्तू ठेवण्याची ही युक्ती भूमिकाखेळातही उपयोगी पडते. मोहित पात्राने प्रिय व्यक्तीऐवजी तिचा शेला, तिचे पत्र किंवा तिने दिलेले फूल जपायचे, असे ठरवले तर अभिनयाला वाव राहतो आणि कोणाच्या अंगाला हात लागत नाही.

लुटुपुटूच्या लढाईला ‘लुटुपुटूची’ म्हणणारी भाषा खेळ व व्यवहार यांतील सीमा चांगली ओळखते. प्रश्न असतो तो ती सीमा दोन्ही खेळाडूंना एकाच जागी दिसते आहे की नाही, हा.

मावळ व लोणावळा परिसराच्या संदर्भात

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा-खंडाळा परिसर पुणे व मुंबई या शहरांच्या मध्ये असल्याने निवासी शिबिरे, सहली व दुर्गभ्रमण यांसाठी परिचित आहे. पवना खोऱ्याभोवतीचे लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले आणि श्रीवर्धन व मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांचा राजमाची यांमुळे येथे ऐतिहासिक कथानकाचा भूमिकाखेळ सुचणे स्वाभाविक आहे.

पुढील उदाहरण कल्पित आहे. सतराव्या शतकातील एका गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे अधिकारी आहेत. कारखानिसाकडे धान्यसाठ्याचा हिशेब आहे. शत्रूची हेर असलेली नर्तकी त्याला मोहाचा विडा देऊन अंबारखान्यातील साठा किती उरला हे काढून घेते. पहिल्या मांडणीत चिठ्ठीवर लिहिले आहे : ‘विडा खाणारा देणाऱ्याच्या प्रेमात पडतो व सूर्यास्तापर्यंत तिची प्रत्येक इच्छा पुरी करतो.’ येथे कारखानीस झालेल्या खेळाडूला सूर्यास्तापर्यंत सुटका नाही, आणि नर्तकी झालेल्या विद्यार्थिनीलाही दिवसभर एका मोहित माणसाचा वावर सोसावा लागतो. दुसऱ्या मांडणीत लिहिले आहे : ‘विडा खाणाऱ्याला देणाऱ्या व्यक्तीशी खोटे बोलावेसे वाटत नाही. ती तीन प्रश्न विचारू शकते. नंतर विड्याची चव कडू होते.’ हेराला हवी ती माहिती मिळते, कारखानिसाला पुढे पश्चात्तापाचा प्रसंग रंगवता येतो आणि दोघांनाही आपापल्या वाटेने जाता येते. कथानक दोन्हीकडे एकच आहे. बदललेला आहे तो फक्त नियम.

स्थळाच्या काही अडचणीही विचारात घ्याव्या लागतात. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर असून तेथे वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात धुक्यामुळे काही पावलांवरचे दिसत नाही व वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. केवळ हाताच्या खुणांवर विसंबणे तेव्हा पुरेसे नसते. थांबण्याची खूण दिसणारी व ऐकू येणारी अशी दोन्ही प्रकारची असावी लागते. मोहित पात्राने प्रिय व्यक्तीच्या मागे तटाकडे, धबधब्याकडे किंवा काळोख्या वाटेने जाणे कटाक्षाने टाळावे लागते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरण परिसरातील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. या भागातील पाणी किती झपाट्याने वाढते याची ती दुःखद साक्ष आहे.

निवासी शिबिरात घरी निघून जाण्याचा पर्यायही सहज उपलब्ध नसतो. शहरातील सभागृहात अस्वस्थ झालेला खेळाडू बस पकडू शकतो. गडपायथ्याच्या वस्तीत रात्री अडकलेला खेळाडू तसे करू शकत नाही. म्हणून खेळाबाहेरची एक शांत खोली व खेळात भाग न घेणारी एक जबाबदार व्यक्ती यांची सोय आवश्यक ठरते. लोहगड हे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक असून २०२५ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक आहे. तेथे कोणताही कार्यक्रम पुरातत्त्व खात्याच्या नियमांना अधीन राहूनच करता येतो.

कायदेशीर बाजू

खेळातील नियम कोणताही असो, देशाचा कायदा रिंगणाच्या आतही लागू असतो. भारतीय न्याय संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ६३ नुसार नशेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या पदार्थाच्या अमलाखाली, स्वरूप व परिणाम न समजता दिलेली संमती ही संमती ठरत नाही. अपराध करण्याच्या हेतूने गुंगीकारक पदार्थ देणे हा कलम १२३ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. प्रेमरसायनाच्या कथेत जे गमतीचे वाटते त्याचे व्यवहारातील रूप कायद्याने असे पाहिले आहे. १८ वर्षांखालील खेळाडूंच्या बाबतीत बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम (पॉक्सो) लागू होतो आणि तेथे मुलाची संमती हा बचाव होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियमही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो संमत केला. नाटक किंवा खेळात जादूचा अभिनय करणे आणि अलौकिक शक्तीचा दावा करून माणसाला फसवणे यांत मूलभूत भेद आहे. तरीही वशीकरणाच्या नावाने खऱ्याखुऱ्या फसवणुकी होत असतात. म्हणून शालेय खेळात हे सारे कल्पित आहे, असे आरंभीच स्पष्ट सांगणे उचित ठरते.

रसायन म्हणून काय द्यावे, हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. लाल कोकम सरबत रंगाने शोभते, परंतु घटक न सांगता कोणालाही काही प्यायला देऊ नये. रिकामी कुपी व चिठ्ठी एवढ्यानेही प्रसंग पुरा होतो. नकळत पाजण्याचा प्रसंग असेल तर भांड्याच्या तळाशी खुणेचा कागद चिकटवला जातो. पेयात काहीही मिसळले जात नाही.

आक्षेप व मतभेद

संमतीच्या साधनांवर काही आक्षेप घेतले जातात. वारंवार विचारपूस केल्याने रसभंग होतो, हा पहिला. सर्व काही आधीच ठरले तर अनपेक्षिततेचा आनंद उरत नाही, हा दुसरा. अशा साधनांमुळे खेळाडू फाजील नाजूक होतात, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपाला असे उत्तर दिले जाते की अस्वस्थ खेळाडूचा रस तसाही भंगलेला असतो. खुणेने तो केवळ दृश्य होतो. दुसऱ्याला उत्तर असे की विषय माहीत असणे व घटना माहीत असणे भिन्न आहे; कीर्तनाला येणाऱ्या श्रोत्याला कथा माहीत असते, तरी त्याचा रस उणावत नाही. तिसऱ्या आक्षेपाबाबत अनुभवी संयोजकांचा युक्तिवाद उलट आहे. थांबता येते याची खात्री असलेला खेळाडू अधिक धीटपणे खेळतो. ज्याला ती नसते तो प्रथमपासूनच अंग चोरून राहतो.

साधनांच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. खूण करण्याचे धैर्य सर्वांनाच होत नाही, विशेषतः समोर ज्येष्ठ विद्यार्थी, शिक्षक किंवा संयोजक असेल तेव्हा. त्यामुळे थांबण्याचा अधिकार देणे पुरेसे नसते. थांबावे लागणार नाही अशी मूळ रचना करणे हे सूत्रधाराचे काम उरतेच.

खेळानंतरची बैठक

प्रेमरसायन असलेल्या खेळानंतर लगेच निरोप घेणे टाळले जाते. वेश उतरवणे, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारणे, एकत्र चहा घेणे आणि मग ठरलेल्या क्रमाने बोलणे असा क्रम उपयुक्त ठरतो. मोहित पात्र वठवणारा व ज्याच्यावर प्रेम बसले तो, या दोघांनी ‘ते पात्रांचे होते, आपले नव्हे’ असे एकमेकांना स्पष्ट शब्दांत सांगणे, हा त्यातील सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. बोलण्याची सक्ती नसते. काहींना त्रास दोन-तीन दिवसांनी जाणवतो. म्हणून संपर्कासाठी एक व्यक्ती त्यानंतरही उपलब्ध ठेवली जाते.

हे सुद्धा पहा

भातुकली
वशीकरण
द्रौपदी-सत्यभामा संवाद
लोहगड
राजमाची
बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२